पिकअपच्या आधी ब्रेक

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सायलेन्सर बदललेल्या गाड्यांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याची छायाचित्रेही मी पाहिली आहेत आणि त्या कारवाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रात्री अकरा वाजता घरातले आजारी माणूस दचकून उठावे एवढा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र या बातम्यांमुळे 'मॉडिफिकेशन' हा शब्द आपल्याकडे केवळ आवाज, धूर आणि उनाडकी यांच्याशी जोडला गेला आहे. गाडीत विचारपूर्वक बदल करणे ही एक शिस्तबद्ध विद्या आहे, तिची जागा सार्वजनिक रस्ता नसून बंदिस्त ट्रॅक आहे आणि त्या विद्येत इंजिनाची ताकद वाढवणे हे काम सर्वांत शेवटी येते, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचे शिवाजी उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप होते. पुढे वाहन उद्योगातील नोकरीच्या निमित्ताने बारा वर्षे कॅलिफोर्नियात राहिलो आणि आता पुण्यात असतो. तेथे असताना मी १९९२ सालची एक जुनी माझदा मियाटा घेतली होती आणि आठ वर्षे ती ट्रॅकवर चालवली. पुढचे विवेचन मुख्यतः त्या गाडीच्या आधारे करतो, कारण स्वस्त आणि हलक्या स्पोर्ट्स कारचे तिच्याइतके परिचित उदाहरण दुसरे नाही. शिवाय अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकायला गेलेली आपली अनेक मराठी मुले पहिल्या पगारातून हीच गाडी जुनी विकत घेतात आणि मग मला विचारतात, "काका, हिला टर्बो कोणता बसवू?" टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून त्याची ताकद वाढवणारे यंत्र. त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देऊन संपत नाही.

मियाटा, म्हणजेच जपानबाहेर एमएक्स-५ या नावाने ओळखली जाणारी ही दोन आसनी उघडी गाडी, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. १९६० च्या दशकातील लोटस एलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांचा आनंद द्यायचा, पण त्यांची तेलगळती आणि विजेच्या तक्रारी टाळायच्या, असा तिच्यामागचा विचार होता. सुरुवातीच्या गाडीला १.६ लिटरचे, अमेरिकेतील नोंदीनुसार ११६ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि वजन सुमारे ९६० किलो होते. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरणारे) सस्पेन्शन आणि पुढच्या व मागच्या चाकांवर जवळपास समसमान भार. तिचे मुख्य अभियंते तोशिहिको हिराई यांनी 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एक होणे, हे सूत्र समोर ठेवले होते. घोड्याची मांड ज्यांनी कधी अनुभवली आहे त्यांना हे सूत्र लगेच कळेल, कारण लगामाचा हलका इशाराही जनावरापर्यंत पोहोचला पाहिजे आणि जनावराची प्रत्येक हालचाल स्वाराला बैठकीतून जाणवली पाहिजे. या गाडीत तसे होते. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. तिच्यावर लोकांनी केलेल्या प्रेमाची मोजदाद यातून होते.

एवढी माहिती देण्याचे कारण असे की गाडी हलकी असणे ही तिची खरी ताकद आहे, आणि ती ताकद काय असते हे हिशेबाने दाखवता येते. चालकासह १,०४० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटर वेगावरून ८० वर आणायची असेल, तर वेग निम्मा होतो, पण गतीची ऊर्जा चौथाईवर येते. उरलेली तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते. हा आकडा सुमारे पाऊण दशलक्ष ज्यूल भरतो. वीस अंशांवरचे सव्वादोन लिटरहून थोडे अधिक पाणी उकळीपर्यंत आणण्यास एवढीच उष्णता लागते. हे काम काही सेकंदांतच होते, त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्यांवर, पडतो आणि ट्रॅकच्या एकाच फेरीत असे प्रसंग पाच-सहा वेळा येतात. हेच वजन १,६०० किलो असते तर साडेतीन लिटर पाणी उकळले असते. आता शक्ती वाढवून त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर ऊर्जा दहा टक्क्यांनी नव्हे तर एकवीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे टर्बो बसवणारा मुलगा इंजिनाला जे देतो, त्याची वसुली ब्रेककडून दुपटीने होते आणि ब्रेककडे त्याने पाहिलेलेच नसते.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून ती येथे सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ लागुना सेका नावाचा ३.६ किलोमीटरचा, अकरा वळणांचा ट्रॅक आहे. तेथील आठव्या वळणावर रस्ता एकदम खाली कोसळतो, म्हणून तो जगभर प्रसिद्ध आहे. पण मला धडा शिकवला तो दुसऱ्या वळणाने. सुरुवातीच्या रेषेपासूनचा सरळ पट्टा एका उंचवट्यावरून उतरतो आणि उतारावरच डावीकडे मोठे वळण लागते, त्यामुळे सर्वांत जोराचा ब्रेक तेथेच लावावा लागतो. माझी गाडी नुकतीच घेतलेली होती. मी तिला नवा एअर फिल्टर आणि नवी एक्झॉस्ट पाइप बसवली होती, पण ब्रेक ऑइल मात्र आधीच्या मालकाने कधी बदलले होते ते मला ठाऊकही नव्हते. पहिल्या तीन फेऱ्या उत्तम झाल्या. चौथ्या फेरीत पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले. पाचव्या फेरीत मी त्याच खुणेवर पाय ठेवला आणि पेडल ओल्या स्पंजसारखे दबत थेट तळाला टेकले. मी पाय उचलून दोनदा, तीनदा पेडल मारले, तेव्हा कुठे थोडा दाब आला. गिअर खाली टाकला, वळण सोडून दिले आणि गाडी सरळ बाहेरच्या खडीच्या पट्ट्यात नेली. खडी चाकांच्या वरपर्यंत आली आणि गाडी थांबली. मला किंवा दुसऱ्या कोणाला काहीही झाले नाही. पण ट्रॅकच्या बाहेर तसा मोकळा पट्टा ठेवलेला होता म्हणून झाले नाही. त्या जागी पुणे-सातारा रस्ता असता तर समोर काय असते, हा विचार आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

झाले होते ते अगदी साधे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे, कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, पण त्यात ओलावा मुरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ट्रॅकवर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, तापला की जुने ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि आपण जो जोर पायाने लावतो तो पॅडपर्यंत न पोहोचता त्या बुडबुड्यांत जिरतो. गाडी गार झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल पुष्कळसे पूर्ववत लागते, म्हणून अनेकांना आपले काय चुकले हे कळतही नाही. पॅडचे आणखी निराळे आहे. घरच्या वापराचे पॅड थंड असताना छान धरतात, पण एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांचे घर्षण कमी होते. तेव्हा पेडल घट्ट लागते आणि गाडी मात्र थांबत नाही. या दोन दोषांतला फरक पायाला ओळखता आला पाहिजे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

म्हणून मुलांना माझे उत्तर असे असते की टर्बोचे पैसे बाजूला ठेव. पहिल्या दिवशी उच्च उत्कलनबिंदूचे ताजे ब्रेक ऑइल भर, चारही कॅलिपरमधली हवा काढ, ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे पॅड टाक आणि रबरी नळ्या फुगलेल्या किंवा चिरलेल्या असतील तर बदल. ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या आणि पॅडचा एक संच यांचा खर्च टर्बोच्या खर्चाच्या आसपासही जात नाही. सत्र संपताना शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये टाकून चाकाखाली ठोकळा लावावा. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवले तर तेथे पॅडचा थर चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना गाडी थरथरते. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर शेजारच्या जागेत गाडी लावलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा हात हँडब्रेकवर असतानाच ओरडून सांगितली होती.

ब्रेकनंतर टायर. गाडीचा रस्त्याशी असलेला संबंध तळहाताएवढ्या चार ठिपक्यांपुरताच असतो. वेग घेणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या ठिपक्यांनाच करावी लागतात. मूळच्या मियाटाला १४ इंची चाके आणि १८५ मापाचे टायर होते. त्या जागी १५ इंची हलकी अलॉय चाके आणि चिकट रबराचे टायर घातले, की इंजिनाला हात न लावता फेरीच्या वेळेत काही सेकंदांचा फरक पडतो. मात्र टायर चांगला असून भागत नाही, तो रस्त्यावर सपाट बसला पाहिजे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि टायरची बाहेरची कड घासली जाते, म्हणून चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवून ठेवतात. यालाच उणा कॅम्बर म्हणतात. रस्त्यावरच्या गाडीला तो फार ठेवत नाहीत, ट्रॅकवर मात्र पुढच्या चाकांना अडीच ते तीन अंश ठेवण्याची पद्धत आहे. मियाटाचे भाग्य असे की तिच्या सस्पेन्शनच्या बोल्टवर कारखान्यातूनच फिरवून कोन बदलता येईल असे कॅम (चकत्या) दिलेले आहेत, त्यामुळे कॅम्बर बराचसा मूळच्या भागांवरच साधता येतो. प्रत्येक सत्रानंतर गरम टायरचा दाब मोजावा, तळव्यावर आत, मध्ये आणि बाहेर किती झीज आहे ते बोटाने चाचपावे आणि वहीत लिहून ठेवावे. माझी ती वही आजही जपून ठेवली आहे. तिच्यात शक्तीविषयीच्या नोंदी फार थोड्या सापडतील, दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदी मात्र पानोपानी आहेत.

या ठिकाणी एक घरगुती प्रसंग सांगणे अप्रस्तुत होणार नाही. कितीही वेळा अलाइनमेंट केले, म्हणजे चाकांचे कोन जुळवले, तरी माझी गाडी दोन ट्रॅक दिवसांत पुन्हा एका बाजूला ओढू लागे. सुट्टीवर घरी येताना मी काढून ठेवलेल्या कंट्रोल आर्मचे (चाक धरणाऱ्या दांडीचे) दोन बुश, म्हणजे सांध्यातले रबरी गट्टू, वडिलांना दाखवायला आणले. त्यांनी ते बाकावर ठेवले, स्क्रू ड्रायव्हरचे टोक रबरात खुपसून फिरवले, तशी रबराची पापडी सुटून आली. ते म्हणाले, "अरे, रबर मेलंय. याच्यावर तू कसलं अलाइनमेंट करतोयस?" वीस वर्षांच्या रबराने कोन धरून ठेवावेत अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी व्हर्नियर लावून आतला आणि बाहेरचा व्यास घेतला, मायक्रोमीटरवर खात्री केली आणि नव्या बुशच्या आतल्या पोलादी नळ्या दोन दिवसांत लेथवर काढून दिल्या. मी त्या बॅगेतून कॅलिफोर्नियाला नेल्या आणि गाडी विकेपर्यंत त्या बदलाव्या लागल्या नाहीत. मॉडिफिकेशन म्हटले की मला आधी ते बाकावरचे फाटके रबर आठवते. जे झिजले आहे ते पूर्ववत केल्याशिवाय नवे काही बसवण्यात अर्थ नसतो, आणि जुन्या गाडीच्या मालकाचा पहिल्या वर्षाचा निम्मा खर्च याच कामात जातो.

तिसरी गोष्ट गाडी गार ठेवण्याची. मियाटाच्या इंजिनाबाबत येथे एक बारकावा आहे, जो माहीत नसल्याने अनेकांची हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, गेली. हे इंजिन ज्या घराण्यातले आहे त्यातली इंजिने माझदाच्या पुढच्या चाकांना चालना देणाऱ्या गाड्यांत आडवी बसवलेली असत. तेथे पाणी एका टोकाने इंजिनात शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडे, त्यामुळे चारही सिलिंडरना ते सारखे मिळे. मियाटात इंजिन उभे बसवले आणि मागे जागा नसल्याने थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी सोडणारी झडप) व पाण्याचा निकास पुढच्या टोकाला आणला. पाण्याचा पंपही पुढेच असतो. परिणामी पाणी पुढून शिरते आणि बरेचसे पुढूनच निघून जाते, आणि मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरला त्याचा वाटा कमी मिळतो. रस्त्यावर याने काहीच बिघडत नाही. वीस मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर चालवताना, आणि विशेषतः टर्बो बसवल्यावर, बिघडते. यावर पाण्याची वाट मागच्या बाजूने फिरवून घेणे हा उपाय आहे. पण त्याहीआधी रेडिएटर साफ असावा, त्याच्या कडांच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात आणि गाडीच्या पोटाखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकू नये. समोरून आलेली हवा रेडिएटरमधूनच गेली पाहिजे, बाजूने नव्हे. वजन वाचवण्याच्या नादात ते आवरण फेकून देणारे आणि मग गाडी गरम का होते म्हणून विचारणारे मी कितीतरी पाहिले.

परदेशातील मुलांनी जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. अगदी सुरुवातीच्या, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड होते. तेथील पुलीचा बोल्ट नीट घट्ट नसेल तर पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या खुंटीची (की) खाच झिजते आणि इंजिनाचे टायमिंग हलते. बॉनेट उघडून पुढच्या पुलीकडे पाहावे. तिच्यात चार खाचा दिसल्या तर टोक आखूड आहे, आठ दिसल्या तर नंतरचे, भक्कम आहे. आखूड टोकाची गाडी वाईटच असते असे नाही, पण तिच्यावर ताकद वाढवण्याचे खर्चिक प्रयोग करू नयेत.

सुरक्षेविषयी मी तडजोड मान्य करीत नाही. वरचे छत कापडी असलेल्या गाडीला रोल बार बसवल्याखेरीज ट्रॅकवर नेऊ नये, आणि बहुतेक आयोजक नेऊही देत नाहीत. बार बसवल्यावर चालकाने हेल्मेट घालून बसायचे, बारच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत एक सरळ काठी आडवी धरायची आणि हेल्मेट त्या काठीच्या खाली राहते की नाही ते पाहायचे. उंच माणसाचे डोके वर जात असेल तर सीट खाली घ्यावी. फोम काढावा, रुळ बदलावेत, पण डोके काठीच्या वर ठेवून कधीही गाडी चालवू नये. हेल्मेटही दुचाकीचे नको. मोटारशर्यतीच्या हेल्मेटला स्नेल संस्थेचा 'एसए' शिक्का असतो आणि त्याचे अस्तर आगीला दाद न देणारे असते. दुचाकीच्या हेल्मेटची अशी चाचणी झालेली नसते. ट्रॅकवर उतरण्यापूर्वी तपासनीस बॅटरी बांधलेली आहे का, चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने आवळले आहेत का, सीटखाली पाण्याची बाटली लोळत नाही ना, हे सगळे पाहतो. ती बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

आता आवाजाविषयी, कारण हे पत्र तेथूनच सुरू झाले. लागुना सेकाच्या आजूबाजूला वस्ती आहे, म्हणून तेथे वर्षातल्या बहुतेक दिवशी आवाजाची मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते आणि ट्रॅकच्या कडेला ध्वनिमापक लावलेला असतो. मर्यादा ओलांडली की काळे निशाण दाखवून गाडी आत बोलावतात. सायलेन्सर शांत करून आणा, नाहीतर घरी जा, असे सांगतात. मी लोकांना मागच्या पाइपला वाकडे तोंड वेल्ड करून आवाज वस्तीपासून दुसरीकडे वळवताना पाहिले आहे. ज्या जगात सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी रात्ररात्र जागतात, त्या जगातही गोंगाट करणाऱ्याला बाहेर काढतात, ही गोष्ट आपल्या शहरांतील तरुणांना कोणीतरी सांगितली पाहिजे. फटाके फोडणारा सायलेन्सर गाडी वेगवान करीत नाही.

शक्तीला शेवटी का ठेवायचे याचा सर्वांत चांगला पुरावा 'स्पेक मियाटा' या शर्यतप्रकाराने दिलेला आहे. अमेरिकेत हा प्रकार १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला आणि तेथील हौशी शर्यतींच्या सर्वांत लोकप्रिय प्रकारांपैकी एक झाला. १९९० ते २००५ या काळातल्या गाड्या त्यात चालतात. सर्वांना स्प्रिंग आणि शॉकअप्सचा ठरावीक संच, ठरावीक टायर, किमान वजनाची अट आणि इंजिनात बदल करण्यावर कडक बंधने. टर्बोला मज्जाव. तरीही, किंबहुना त्यामुळेच, तीस-चाळीस गाड्या एकमेकींना बंपर लावून पळतात आणि जिंकतो तो ज्याचा पाय आणि डोळा तयार आहे. प्रशिक्षक शेजारच्या सीटवर बसून शिकवत असे ते पहिले वाक्य मला आठवते: गाडी जिकडे न्यायची तिकडे पाहा, जिकडे जाते आहे तिकडे नव्हे. पाचशे डॉलरचा सुटा भाग घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत प्रशिक्षकासह ट्रॅकचा एक दिवस घ्यावा, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या वहीतील सर्वांत मोठी सुधारणा ज्या दिवशीची आहे, त्या दिवशी मी गाडीत काहीही बदललेले नव्हते.

हे सारे आपल्याकडे कसे लागू पडते, असा प्रश्न संपादक महोदयांना पडणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे स्वस्त, हलकी स्पोर्ट्स कार जवळपास विकलीच गेली नाही. बंगळूरच्या सॅन कंपनीने रेनोचे छोटे इंजिन घालून 'स्टॉर्म' नावाची दोन आसनी गाडी केली होती, पण ती फारशी पसरली नाही. तरी हलक्या गाडीतून शर्यतीची गाडी करण्याची परंपरा आपल्याकडे निश्चित आहे. कोईमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर 'फॉर्म्युला मारुती' ही एक आसनी गाडी उभी केली आणि भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन यांची पहिली शर्यत त्याच गाडीतली होती. श्रीपेरुंबुदूरजवळच्या ट्रॅकवर आणि २००३ मध्ये करिवर्धन यांच्या नावाने कोईमतूरला झालेल्या ट्रॅकवर वर्षानुवर्षे मारुती एस्टीम पळाल्या. नऊशे किलोच्या आतले वजन, १.३ लिटरचे सोळा व्हॉल्व्हचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन, मिळायला सोपे सुटे भाग. मियाटाने अमेरिकेत जे काम केले, ते आपल्याकडे या कुटुंबवत्सल गाडीने केले. कोल्हापूरकरांना शर्यतीचे वेड आहे हे सांगायला नको. तेथे कार्टिंगचा ट्रॅक उभा राहिला आणि त्यावर शिकून मुले बाहेर गेली.

कायदाही येथे स्पष्ट आहे आणि तो मला योग्य वाटतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणून ज्याला गाडी ट्रॅकसाठी बदलायची आहे त्याने ती रस्त्यावरून न नेता ट्रेलरवर न्यावी. ज्याला ते परवडत नाही त्याने मूळ स्थितीतील गाडी कंपनीने सांगितलेल्या मापाच्या उत्तम टायरांवर, ताज्या ब्रेक ऑइलवर न्यावी. ही देखभाल आहे, आणि ती करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ट्रॅकवर जाण्याआधी विम्याच्या पॉलिसीतील अटी मात्र नीट वाचाव्यात, कारण शर्यत व वेगचाचणीतील नुकसान त्यातून सर्रास वगळलेले असते.

माझे गाऱ्हाणे थोडेसे आपल्याकडेही आहे, आणि ते आपुलकीनेच मांडतो. मराठी वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्या मी नियमित वाचतो. त्यांत नव्या गाडीची अश्वशक्ती असते, पिकअप असतो, सनरूफ आणि पडद्याचा आकार असतो. ती गाडी थांबते कशी, तिचे टायर कोणते, वजन किती, आणि घाट उतरताना ब्रेक तापल्यावर पेडल कसे लागते, याविषयी ओळ सापडत नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाट भरल्या गाडीने उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या चालकाची अडचण आणि माझी लागुना सेकावरची अडचण एकच आहे. तेथे तर बाहेर खडीचा पट्टाही नसतो. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते ही माहिती आपल्या वाचकांपैकी कितीजणांच्या गॅरेजवाल्याने त्यांना दिली असेल? अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले दरवर्षी विद्यार्थी स्पर्धांसाठी स्वतः छोट्या शर्यतीच्या गाड्या बांधतात. त्यांच्या कार्यशाळेत आपला बातमीदार एक दिवस गेला, तर सायलेन्सरच्या बातमीच्या शेजारी छापण्याजोगे पुष्कळ काही त्याला मिळेल.

तोपर्यंत एक छोटी विनंती करतो. यापुढे नव्या गाडीचे परीक्षण छापताना ० ते १०० किलोमीटर वेग किती सेकंदांत गाठला या आकड्याच्या शेजारी १०० वरून ० वर येण्यास किती मीटर लागले तोही आकडा छापावा, आणि शक्य असल्यास तो पहिल्या ब्रेकचा नव्हे, तर सलग दहाव्या ब्रेकचा असावा.

आपला नम्र वाचक,
एक वाहन अभियंता, पुणे